दुभाषी हवा आहे!
(द्वितीय वर्ष बी. ए.)

मराठीच्या तासाला अनुवाद हा भाग चालू होता. सरांनी पुस्तक मिटले आणि एक प्रश्न टाकला, "जपानी आणि फिन्निश या दोन भाषांच्या मध्ये उभा राहील असा माणूस हवा आहे. नुसता गप्पा मारणारा नको. डॉक्टरचे, वकिलाचे, यंत्राचे बोलणे इकडून तिकडे नीट पोचवणारा हवा. कुठे शोधाल?" वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, दौंड स्टेशनावर उभे राहू. सगळ्या गाड्या तिथूनच जातात!" सरही हसले. तास संपला.

मी काही त्या दिवशी हसले नाही. कारण आदल्याच आठवड्यात माझ्या दादाची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली होती, आणि ती कापली जाण्याचे कारण जपानी भाषेतला एक शब्द होता.

दादा आय. टी. आय. झालेला आहे. रांजणगावच्या एम. आय. डी. सी.त ठेकेदाराकडे कामाला आहे आणि कारेगावात तीन मुलांबरोबर एका खोलीत राहतो. रांजणगाव म्हणजे पूर्वी आपल्याला अष्टविनायकांतला महागणपती एवढेच ठाऊक. आता तिथे कोरियाच्या एल. जी.चा कारखाना आहे, चीनच्या हायरचा आहे, टाटांच्या भागीदारीत इटलीच्या फियाटचा आहे. शिरूर ओलांडून नगरच्या रस्त्याला लागले की सुपे येते, तिथे जपानी कंपन्यांसाठी म्हणून वेगळी औद्योगिक वसाहतच आखलेली आहे. दादाचा कारखाना यांपैकी कोणाचा, की आणखी कोणाचा, ते मी सांगत नाही. नोकरी दादाची आहे, लेख माझा आहे.

तर तिथे प्लास्टिकचे भाग ओतणारे एक जपानी मशीन बसवले जात होते. बसवायला जपानी इंजिनियर आला होता आणि त्याच्याबरोबर पुण्याहून एक दुभाषी मॅडम आल्या होत्या. मोल्ड चढवला, बॅरल तापली, चाचणी सुरू झाली. इंजिनियरने मोल्डकडे हात करून सांगितले, "शिमेते कुदासाई." मॅडमनी सुपरवायझरला इंग्रजीत सांगितले, "प्लीज क्लोज इट." सुपरवायझर मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "बंद कर रे!" दादाने पळत जाऊन मेन स्विच बंद केला.

इंजिनियर डोक्याला हात लावून उभा राहिला. त्याला क्लॅम्पचा बोल्ट आवळायला हवा होता. जपानीत 'शिमेरु' म्हणजे दार बंद करणे आणि 'शिमेरु' म्हणजेच बोल्ट आवळणे. लिहिताना चिन्हे वेगळी, कानाला शब्द एकच. इंग्रजीत येताना त्यातला आवळणे हा अर्थ गळाला. इंग्रजीतून मराठीत येताना 'बंद कर' झाले, आणि आपल्याकडे दारही बंद करतात, दिवाही बंद करतात, दुकानही बंद करतात. दादाने मशीन बंद केले यात त्याचे काय चुकले? पण कोण काय म्हणाले याचा उलगडा होऊन वीज पुन्हा चालू होईपर्यंत हीटर थंड पडले होते आणि बॅरलमधले प्लास्टिक घट्ट झाले होते. ते साफ करण्यात शिफ्ट गेली. कोणाची तरी चूक दाखवायला हवी होती. तीन जणांच्या साखळीत सर्वांत शेवटी दादा उभा होता.

जेवणाच्या सुट्टीत त्या मॅडम दादाकडे आल्या. "दादा, माझ्यामुळे झालं हो. मी जपानी शिकले ते कथा-कादंबऱ्यांतून. शिमेरु म्हटलं की मला खिडकीच दिसते." दादा म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, तुम्ही कधी मोल्ड बघितलाय का?" त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता.

सरांचा प्रश्न म्हणूनच मला हसण्यावारी नेता आला नाही. जपानी-फिन्निश या जोडीचे पुढे मी जरा वाचले. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर जपानमध्ये त्यांचा पहिला राजनैतिक प्रतिनिधी म्हणून १९१९ साली रामस्टेट नावाच्या गृहस्थांची नेमणूक झाली. ते मुळात भाषापंडित, मंगोल आणि कोरियन भाषांचे अभ्यासक. म्हणजे त्या देशाने दुभाषी शोधण्याऐवजी भाषा जाणणाराच वकील म्हणून पाठवला! फिन्निश लोकांचे 'कालेवाला' हे महाकाव्य थेट फिन्निशवरून जपानीत आणले कोइझुमी तामोत्सु यांनी, १९७६ साली. तेही भाषाशास्त्रज्ञच. अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतात. बाकी व्यवहार मध्ये इंग्रजी घालून चालतो. युरोपीय संघात २४ अधिकृत भाषा आहेत. एका भाषेतून दुसरीत अशा दिशा मोजल्या तर ५५२ भरतात. इतक्या सगळ्या दिशांना माणसे कुठून आणणार? म्हणून तिथेही पुष्कळदा एक दुभाषी आधी इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये आणतो आणि दुसरा तिथून पुढे नेतो. विहिरीवरून आगीपर्यंत हातोहात बादल्या देतात तसे. बादली पोचते, पण प्रत्येक हाताला थोडे पाणी सांडते.

हे सांडणे मी स्वतः केलेले आहे. आमचे बाबा रेल्वेत गँगमन. आम्ही दौंडला रेल्वेच्या चाळीत वाढलो. दौंड हे जंक्शन असल्यामुळे त्या चाळीत तेलुगू, तमिळ, कानडी, हिंदी सगळे होते, आणि घराघरातली दहा-बारा वर्षांची मुले हीच दुभाषी होती. शेजारच्या तेलुगू अम्माला एकदा बरे वाटेना. ती नातीला म्हणाली, "तल तिरुगुतोंदी." नात मला हिंदीत म्हणाली, "दादी का सिर घूम रहा है." मी डॉक्टरांना ठणठणीत मराठीत सांगितले, "अम्माचं डोकं फिरलंय!" डॉक्टर हसत सुटले. नशीब की हसून झाल्यावर त्यांनी रक्तदाब बघितला. तो बराच वाढलेला होता. तेलुगूत चक्कर, हिंदीतही चक्कर, आणि माझ्यापाशी येऊन अम्मा वेडी! मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या गोष्टीवर घरात अजून हसतात, मीही हसते, पण डॉक्टरांनी नुसतेच हसून आम्हाला घरी पाठवले असते तर काय झाले असते हा विचार आता मनात येतो.

दादाच्या प्रकरणानंतर मी हट्टाने जपानी शिकायला लागले. दर रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला जाते. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा मोठी आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकवतात, खाजगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. जपानी भाषेची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९८४ साली सुरू झाली आणि २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, खालची एन-५ आणि वरची एन-१. मी एन-५ च्या पायरीशी धडपडते आहे. वर्तमानपत्र वाचायला लागणारी २१३६ चिन्हे समोर डोंगरासारखी उभी आहेत, त्यांतली शंभरही अजून हाताखालून गेलेली नाहीत.

पण एक गमतीची गोष्ट पहिल्याच महिन्यात ध्यानात आली. आमचा वर्ग इंग्रजीतून चालतो. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिले की जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, हे लक्षात ठेवायला सुरुवातीला अवघड जाईल. मला कळेना, अवघड काय आहे? आमचे क्रियापद शेवटीच असते की! मग सांगितले, इंग्रजीत जे शब्द नामाच्या आधी येतात ते जपानीत नामाच्या मागे चिकटतात. 'तानाका-सान नो होन' म्हणजे तानाकांचे पुस्तक. आपला 'चे' जिथे बसतो तिथेच त्यांचा 'नो' बसतो. नावापुढे 'सान' लावतात, जसे आपण राव, ताई, साहेब लावतो. मी मनातल्या मनात जपानी वाक्य मराठीत आणत होते तर शब्द एकामागून एक आपापल्या जागी बसत होते. मग तेच वाक्य इंग्रजी करून वहीत लिहायचे म्हणजे आधी उलटे करायचे, आणि घरी येऊन दादाला सांगायचे म्हणजे पुन्हा सुलटे करायचे. (फिन्निशमध्येही म्हणे 'तालो' म्हणजे घर आणि 'तालोस्सा' म्हणजे घरात. तिथेही प्रत्यय मागेच!) आपले वाक्य आणि जपानी वाक्य एकाच दिशेला तोंड करून बसलेले असताना मध्ये इंग्रजीला बसवून दोघांनाही माना वळवायला लावण्याचा हा उद्योग कशासाठी?

आणखी एक. जपानीत आवाजाचे आणि स्पर्शाचे जोडशब्द फार आहेत. सैल झालेली वस्तू वाजते तिला 'गाता-गाता' म्हणतात. ऐकायला आपल्याला कोणी गाणे म्हणत येते आहे असे वाटेल, पण अर्थ खडखड! ढग 'गोरो-गोरो' करतात, आपले गडगडतात. घासलेले भांडे 'पिका-पिका' असते, आपले चकचकीत असते. खरखरीत हाताला लागते ते 'झारा-झारा'. इंग्रजी पुस्तकात यांतल्या एकेका शब्दाला दोन-दोन ओळी खर्चल्या आहेत, आणि माझ्या वहीत एकेक शब्द पुरला.

मी दादाला 'गाता-गाता' सांगितले तेव्हा तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, मी दोन दिवस आधी सांगत होतो की, मोल्डजवळ खडखडतंय." त्याने सुपरवायझरला सांगितले होते. सुपरवायझरला खडखडीला इंग्रजी शब्द सुचला नाही. तो मॅडमना 'सम साउंड प्रॉब्लेम' एवढेच म्हणाला. मॅडमनी जपानीत सांगितले की काही आवाजाची अडचण आहे. इंजिनियरने कान देऊन मोटारीचा आवाज ऐकला आणि मोटार ठीक आहे म्हणून सांगितले. खडखड तशीच राहिली.

माझे खरे म्हणणे इथे आहे. 'शिमेरु'चा घोटाळा सर्वांना दिसला, कारण त्यात मशीन बंद पडले. पण खडखड वर पोचलीच नाही याची कोणी नोंदही घेतली नाही. आपल्याकडे दुभाषी बोलावतात तो वरचे बोलणे खाली पोचवण्यासाठी. खालचे बोलणे वर नेणे हे त्याचे काम आहे असे त्याला पगार देणाऱ्याला वाटत नाही. मशीनवर आठ तास उभा राहणारा माणूस त्या मशीनबद्दल जे जाणतो ते मराठीत जाणतो. खडखड, घरघर, चुरचुर, कुबट वास, हाताला लागणारा कढ असे त्याचे ज्ञान असते. ते ज्ञान इंग्रजीच्या नाक्यावर अडवले जाते, कारण त्याच्याजवळ त्या नाक्याची पावती नसते.

दुभाषी नुसता भाषेचा असून भागत नाही, विषयाचाही लागतो, हे जपान्यांना अडीचशे वर्षांपूर्वी कळले होते. त्या काळी नागासाकीला डच व्यापाऱ्यांसाठी पिढीजात दुभाष्यांची घराणी होती. पण ती बोली व्यापाराची. १७७१ साली सुगिता गेनपाकू, माएनो र्‍योताकू वगैरे वैद्यांनी हातात शरीररचनेचे डच पुस्तक घेऊन एका प्रेताचे विच्छेदन पाहिले आणि पुस्तकातली चित्रे तंतोतंत जुळताना पाहून ते थक्क झाले. ते पुस्तक जपानीत आणायला ते स्वतःच बसले. तीन-एक वर्षे खपून १७७४ मध्ये 'काइताइ शिन्शो' प्रसिद्ध झाले. मज्जातंतूला जपानीत शब्दच नव्हता, त्यांनी 'शिंकेइ' हा शब्द घडवला आणि तो आजही चालतो. विशेष म्हणजे तो डच ग्रंथही मूळ जर्मनवरून आलेला होता. म्हणजे तिथेही हातोहात बादलीच होती. फरक इतकाच की शेवटचा हात वैद्याचा होता आणि समोर पडलेल्या शरीराशी शब्द ताडून बघण्याची त्याला सोय होती.

आपल्याकडेही हे भान नव्हते असे नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला नारायण शेणवी होता. त्याला भाषाही येत होती आणि दरबाराची रीतही. शिवाजी महाराजांनी तर राज्यव्यवहारकोशच करवून घेतला. मग पुढे असे काय झाले की आपण कोश करायचे ते कार्यालयासाठी, आणि कारखान्यातल्या फिटरला विचारायला कोणी गेले नाही? पारिभाषिक कोशात मी मोल्डला 'साचा' आणि बेअरिंगला 'धारवा' वाचले. साचा आम्हाला समजतो. धारवा म्हणून दादाला विचारले तर तो म्हणाला, "हे कुठल्या गावचं पीक?"

कोणी म्हणतील, आता मोबाइल आहे, त्यात बोलले की भाषांतर येते. येते खरे, आणि मी ते नाकारत नाही. रविवारच्या गाडीत माझा अर्धा अभ्यास त्याच्यावरच होतो. पण मी त्यात नुसते 'शिमेते कुदासाई' म्हटले तर पडद्यावर आले, 'कृपया बंद करा'. फरक असा, की समोर माणूस असेल तर तो विचारू शकतो, "आवळू की मिटू?" मोबाइल विचारत नाही. आणि चुकले तर मजुरी मोबाइलची कापत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो माझ्याच मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, "म्हणजे परक्या कंपन्यांना स्वस्तात दुभाषी पुरवायचे, हाच ना तुझा सिद्धांत?" ती शिरूरची आहे, तिच्या घरची जमीन एम. आय. डी. सी.त गेली आहे, तेव्हा तिला असे म्हणण्याचा अधिकार आहे. या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होते. पण मला वाटते, जमीन गेलेल्याच्या मुलाला गेटवर रखवालदारी आणि पुण्याहून मोटारीने येणाऱ्याला दुभाष्याची खुर्ची, ही वाटणी कोणी ठरवली? २०२१ साली भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगार तिकडे पाठवण्याचा करार झाला. त्यात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचे कामही आहे आणि त्यासाठी जपानीची वेगळी परीक्षा लागते. आपल्या तालुक्यांतली मुले-मुली तिकडे जातीलच. ती भाषेवाचून जातील की भाषेसह, एवढाच प्रश्न आहे.

शिवाय जपानी लोक आपल्याकडे बघायला आले ते नुसते कारखाने घेऊन नव्हे. हिरोशी फुकाझावा, हिरोयुकी कोतानी या इतिहासकारांनी मराठी कागदपत्रांवरून दख्खनच्या गावगाड्याचा अभ्यास केला. मिचिहिरो ओगावा यांनी तर पुणे विद्यापीठात आपल्या शेजारच्या इंदापूर परगण्यावर प्रबंध लिहिला, १७६१ ते १८२८ या काळावर. आमच्या वर्गातल्या किती जणांना मोडी वाचता येते? मला येत नाही. जपानहून येऊन कोणी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या शेतसाऱ्याचे कागद मधल्या कोणावाचून वाचतो, आणि आपल्याला त्याच्या देशातल्या माणसाने सांगितलेला बोल्ट आवळता येत नाही!

आणि दूर कशाला जायचे? आपल्या दोन्ही तालुक्यांत पारधी वस्त्या आहेत. त्यांची घरातली बोली गुजरातीच्या नात्यातली, आपल्याला पटकन उमगत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला, पण संशय काही रद्द झाला नाही. आरोपीला समजत नसलेल्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत उघड न्यायालयात सांगितली पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही ती तरतूद कायम आहे. कायदा आहे, पण त्या बोलीचा दुभाषी कोण, त्याचे शिक्षण कुठे, त्याला मानधन काय? जपानी इंजिनियरसाठी पुण्याहून गाडी येते. पारधी आजीसाठी तिची सातवीतली नात शाळा बुडवून येते. अकरा वर्षांच्या दुभाष्याच्या हातून काय होऊ शकते हे मी वर सांगितलेच आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. आपल्या महाविद्यालयात संध्याकाळी दोन तास जपानीचा वर्ग सुरू व्हावा आणि तो मराठीतून शिकवला जावा. त्या वर्गाला आय. टी. आय.चे एक निदेशक जोडून घ्यावेत आणि मुलांना महिन्यातून एकदा कारखान्याच्या आत न्यावे, म्हणजे 'शिमेरु' म्हटल्यावर खिडकी आणि बोल्ट दोन्ही डोळ्यांपुढे येतील. आणि मराठी विभागाने पारधी बोलीच्या शब्दसंग्रहाचे काम त्या घरांतून येणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांकडे, योग्य मोबदला देऊन, सोपवावे. कला शाखेच्या मुलांना पुढे काय, असे जे प्राध्यापक आम्हाला निरोप समारंभात विचारतात, त्यांनी या तीन गोष्टींवर आपले मत जरूर कळवावे.

प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. त्यावर सत्तावीस सह्या आहेत, त्यांत त्या शिरूरच्या मैत्रिणीचीही आहे. सही करताना ती म्हणाली, "पटलेलं नाही, पण वर्ग निघाला तर येईन."

तोवर मी एक वही घातली आहे. डाव्या बाजूला दादाचा शब्द, उजव्या बाजूला जपानी, मध्ये काही नाही. आजवर एकशे बारा शब्द झाले. दादा शनिवारी रात्री घरी आला की जेवताना चार-पाच शब्द सांगतो. गेल्या खेपेला त्याने 'आटा गेला' हा शब्द दिला. बोल्टाचे पेच झिजून तो नुसताच फिरत राहतो, आवळला जात नाही, त्याला कारखान्यात असे म्हणतात. त्याला जपानी लोक काय म्हणतात ते रविवारी बाईंना विचारले. बाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतले.